लूज (सुटा) हिरा घेऊन साखरपुड्याची अंगठी करून घ्यायचीय, कुठे फसायला होतं ते सांगा

वरातीमागून

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत कोल्हापूरला साखरपुडा आहे आणि अंगठीचं खातं माझ्याकडे आलंय. आम्ही दोघंही पुण्यात, ती डेंटिस्ट आहे. काय हवं ते तिनेच सांगून टाकलंय त्यामुळे सरप्राइझ वगैरे भानगड नाही: साधी अंगठी, पिवळं सोनं, वर एकच गोल हिरा, आणि रोज घालता आली पाहिजे, लॉकरमध्ये ठेवायची वस्तू नको.

मागचे दोन-तीन रविवार दुकानं पालथी घातली. लक्ष्मी रोड काय नि मॉल काय, बसल्या बसल्या पहिलं वाक्य 'सर ईएफ व्हीव्हीएस आहे' (म्हणजे कलर आणि क्लॅरिटी, रंग आणि स्वच्छता, वरच्या ग्रेडची), आणि मग हिऱ्याचे किती, सोन्याचे किती, घडणावळ किती असं वेगवेगळं विचारलं की सेल्समन कॅल्क्युलेटर उलटा धरून एकच आकडा दाखवतो. वर 'आज बुक केलंत तर मजुरीवर ऑफर'. डोकं उठलं.

आता माझ्या टीममधल्या एकाचे काका सुरतला महिधरपुऱ्यात हिऱ्यांची दलाली करतात, ते म्हणाले सर्टिफिकेटवाला लूज हिरा देतो, बाजारभावात, पुण्याला येणार आहेत तेव्हा दाखवायला आणतो. आणि अंगठी आमच्या साताऱ्याच्या सोनारकाकांकडून करून घ्यावी असा विचार आहे, आजोबांपासूनचे संबंध आहेत, ठुशी आणि पाटल्या बघत राहाव्यात अशा करतात, पण खरं सांगायचं तर हिऱ्याची अंगठी त्यांच्याकडे कधी बघितलेली नाही. आई म्हणते नसते उद्योग करू नकोस, सरळ तयार घे. बजेट सगळं मिळून दोन लाखाच्या आत. हिरा साधारण अर्धा कॅरेट.

तर हे लूज घेणं खरंच स्वस्त पडतं का, हिरा हातात आला की नेमकं काय बघायचं, आणि सोनाराला दिल्यावर परत तोच हिरा आला हे कसं कळायचं? शेवटच्या प्रश्नाने झोप उडालीय, काकांवर अविश्वास नाही पण तरी.

---

बीकेसी_रिटर्न

मी बरीच वर्षं बीकेसीला भारत डायमंड बोर्समध्ये असॉर्टिंगला होतो, आता धंदा सोडलाय त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

स्वस्त पडतं का, तर हो, पण लोक समजतात तेवढं नाही. लूज हिऱ्यावर जीएसटी दीड टक्का आहे आणि तयार दागिन्यावर ३ टक्के, तो फरक किरकोळ. खरा फरक दुकानाच्या मार्जिनचा. ब्रँडेड शोरूमचं भाडं, एसी, जाहिरातीतली हिरॉइन, हे सगळं त्या हिऱ्याच्या भावात बसलेलं असतं. बाजारात भाव कॅरेटवर चालतो. म्हणजे समजा दर कॅरेटला दोन लाख असेल तर ०.५० चे एक लाख. आणि तो दर येतो रॅपापोर्टच्या लिस्टवरून, दर आठवड्याला निघते, डॉलरमध्ये असते, आणि दलाल बोलतो ते 'रॅपच्या इतके टक्के खाली' असं. सुरतच्या काकांना सरळ विचार की रॅपच्या किती खाली देताय. त्यांनी आकडा सांगितला तर माणूस धंद्यातला आहे. 'अरे घरचाच भाव आहे' म्हणाले तर गोड बोलून दुसरीकडे पण भाव काढ.

लिस्टची एक गंमत लक्षात ठेव. तिच्यात वजनाचे टप्पे आहेत, ०.४० ते ०.४९ एक टप्पा, ०.५० ते ०.६९ दुसरा, मग ०.७०, ०.९०, १.०० असं. टप्पा ओलांडला की कॅरेटचा दरच वर उडी मारतो. त्यामुळे ०.४८ आणि ०.५० मध्ये डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही, गोल हिऱ्याची रुंदी दोन्हीकडे पाच मिलिमीटरच्या जरा वर, पण पैशात चांगला फरक. म्हणूनच कापणारा कारागीर पण जीव तोडून ०.५० वाचवायला बघतो, आणि त्या नादात कधीकधी हिरा जाड ठेवतो, वजन सगळं पोटात जातं. वरून बघितलं तर छोटा दिसतो. सर्टिफिकेटवर मिलिमीटरची मापं असतात ती कोणी वाचत नाही. तू वाच. अर्धा कॅरेट गोल हिरा ५.१ च्या आसपास हवा. ४.९ निघाला तर तू पोटाचे पैसे देतोयस.

कटला कंजुषी करू नकोस. गोल हिऱ्याला जीआयए, म्हणजे हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी लॅब, कट ग्रेड देतं, एक्सलंट घे, कट-पॉलिश-सिमेट्री तिन्ही एक्सलंट म्हणजे बाजारात ज्याला थ्री एक्स म्हणतात तो. चमक कटमधून येते, कलर आणि क्लॅरिटी त्यानंतर. आणि हे 'ईएफ व्हीव्हीएस' आपल्याकडे दुकानदारांनी लोकांच्या डोक्यात एवढं भरलंय की गिऱ्हाईक स्वतःच मागतं. व्हीव्हीएस म्हणजे दहापट मोठं करून बघितलं तरी जाणकाराला शोधावं लागेल असा दोष. ती अंगठी रोज कोण भिंगाखाली धरणार आहे? त्याच्या खालच्या पायरीतला व्हीएस२ घे, नुसत्या डोळ्याला स्वच्छ दिसतो. कलर पण, डी म्हणजे बिनरंगी आणि पुढच्या अक्षरांना पिवळेपणा वाढत जातो, पिवळ्या सोन्यात बसवणार आहेस ना, मग जी-एच भरपूर झाला, आय सुद्धा चालून जाईल कारण आजूबाजूचं सोनंच पिवळं आहे. डी-ई चे पैसे पिवळ्या सोन्यात घालणं मला तरी पटत नाही.

फ्लोरोसन्स, म्हणजे अतिनील प्रकाशात हिरा किती चमकतो, अशी एक ओळ असते सर्टिफिकेटवर. नन किंवा फेंट असेल तर पुढे जा. स्ट्राँग असेल तर हिरा स्वस्त मिळतो, कारण काही हिरे उन्हात जरा धुरकट दिसतात. सगळे नाही दिसत. तसा मिळाला तर बाहेर उन्हात नेऊन बघ आणि मगच ठरव.

बघायचं कसं: दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचेचा तुकडा पण चमकतो. खिडकीपाशी जा, पांढरा कागद मधोमध दुमड, त्या घडीत हिरा पालथा ठेव म्हणजे टोक वर, आणि बाजूने बघ. कलर असा दिसतो. मग नखं वर करून दोन बोटांच्या बेचक्यात धरून बघ, अंगठीत कसा दिसेल त्याचा अंदाज येतो.

आणि सर्टिफिकेट जीआयए किंवा आयजीआय या दुसऱ्या मोठ्या लॅबचं. बाकी कुठलंही गल्लीतलं लॅब नको. नंबर त्यांच्या साइटवर टाकून रिपोर्ट उघड, तुझ्या हातातल्या कागदाशी एकेक ओळ जुळव.

---

फक्त_सीव्हीडी

२०२५ ओलांडून पण लोक नॅचरलवर, म्हणजे खाणीतल्या हिऱ्यावर, लाख लाख घालतायत बघून हसू येतं. लॅबग्रोन, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला घे भाऊ, तोच कार्बन, तीच चमक, तोच कडकपणा, सुरतेतच बनतो, त्याच बजेटमध्ये दीड-दोन कॅरेटचा येईल. मोदींनी जिल बायडनबाईंना (तेव्हाच्या अमेरिकन अध्यक्षांच्या पत्नीला) दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा पण लॅबचाच होता. हिरा तपासायचा टेस्टर लावला तरी हिराच दाखवतो.

---

बीकेसी_रिटर्न

@फक्त_सीव्हीडी हिरा खराच आहे, त्यात वादच नाही, टेस्टर पण हिराच म्हणणार कारण तो हिराच असतो. पण भाव बघ ना कुठून कुठे आलेत. आज घेतलेला पुढच्या वर्षी अजून स्वस्त मिळत असेल तर मोठा घेतल्याचा आनंद किती दिवस टिकतो ते ज्याचं त्याने ठरवावं. नॅचरल विकायला गेलास तरी घाटाच आहे म्हणा, सोन्यासारखी मोड कोणी देत नाही, तेव्हा गुंतवणूक म्हणून दोन्ही बाद. मुद्दा एवढाच की लॅबग्रोन असेल तर लॅबग्रोनच्या भावाने घ्यावा. आणि धागाकर्त्याला सावध करायचं ते हेच, लॅबग्रोनवर नॅचरलच्या रिपोर्टचा नंबर कोरून विकल्याची प्रकरणं जीआयएनेच पकडली आहेत. टेस्टरवर विसंबू नकोस, टेस्टर यातलं काही सांगत नाही. शंका आली तर जीआयए आणि आयजीआय दोघांच्याही लॅब मुंबईत आहेत, तिथे तपासून घेता येतो.

---

सुमनमावशी

बाळा, आधी मुलीला हिरा लाभतो का ते बघितलंस का? आमच्या नागपुरात अजून पण दोन-चार दिवस उशाशी ठेवून मग घ्यायची पद्धत आहे, काही वाईट स्वप्नं पडली नाहीत, घरात भांडणं झाली नाहीत तर घ्यायचा. तुम्ही मुलं हसाल, माझा मुलगा पण हसला होता. पण त्या निमित्ताने हिरा चार दिवस घरात राहतो आणि दिवसा, संध्याकाळी, ट्यूबलाइटमध्ये सगळीकडे बघून होतो, तो फायदा तरी धर. आणि रोज घालणार म्हणतेय तर तिला सांग पीठ मळताना काढून ठेव. कणिक हिरा धरणाऱ्या त्या सोन्याच्या नखांच्या खाली जाऊन बसते आणि मग हिरा मेल्यासारखा दिसतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, आणि जुना मऊ टूथब्रश. बाकी काही लागत नाही.

---

लाख_आणि_चिमटा

वर बीकेसीवाल्यांनी हिऱ्याचं छान लिहिलंय. पुढचा भाग मी लिहितो कारण झवेरी बाजारात आमचं छोटं वर्कशॉप आहे, माझे वडील सेटिंग करायचे, आता आमच्याकडे बंगाली कारागीर आहेत आणि त्यातला एक सेटर असा आहे की त्याच्यासाठी मोठमोठे शोरूमवाले थांबून राहतात.

पहिलं म्हणजे साताऱ्याच्या काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, ठुशी करणारा हात आणि सॉलिटेअर, म्हणजे एकटा हिरा, बसवणारा हात वेगळा. पारंपरिक सोनार २२ कॅरेटात काम करतो (हा कॅरेट सोन्याच्या शुद्धतेचा, हिऱ्याच्या वजनाचा नव्हे). २२ कॅरेट हिऱ्याला मऊ पडतं, प्राँग, म्हणजे हिरा धरणारी नखं, वाकतात, आणि रोज घालायच्या अंगठीत तर नकोच. १८ कॅरेट घे, म्हणजे ७५ टक्के सोनं, हॉलमार्कवर ७५० येतं. १४ पण चालतं, अजून कडक असतं, पण पिवळेपणा कमी होतो आणि आपल्याकडे सासूबाईंना ते पटत नाही. काकांना मन मोठं करून विचार, 'काका तुम्ही हिरा स्वतः बसवता का बाहेर पाठवता?' बहुतेक गावातले सोनार अंगठी घडवून हिरा बसवायला मुंबईला नाहीतर पुण्याला पाठवतात, आणि त्यात वाईट काही नाही, पण तुला माहीत पाहिजे की तुझा हिरा एसटीने कुठे कुठे फिरणार आहे.

आता बसवतात कसा ते कळलं तर भीती कुठे ठेवायची ते पण कळेल. अंगठी आधी कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, काढतात, त्याचा मेणाचा नाहीतर रेझिनचा नमुना, मग कास्टिंग, घासकाम. हिऱ्याची मापं कॅडच्या आधी लागतात म्हणून हिरा आधी घ्यायचा, डिझाइन मागून. मग सेटर अंगठी लाखेत पक्की करतो, दांड्यावर गरम लाख असते त्यात अंगठी रुतवतो म्हणजे हलत नाही. मग बारीक बरने (ड्रिलच्या टोकाने) प्रत्येक प्राँगच्या आतल्या बाजूला खाच पाडतो, हिऱ्याची कड, म्हणजे गर्डल, त्या खाचेत बसायला हवी. हिरा ठेवतो, वरून बघतो, तिरका वाटला तर काढतो, खाच परत सारखी करतो. आमच्याकडचा माणूस या ठिकाणी कोणाशी बोलत नाही, मोबाइल वाजला तरी नाही. मग समोरासमोरच्या प्राँग थोड्या थोड्या दाबत आणतो. एकच बाजू आधी पूर्ण दाबली तर हिरा सरकतो. धोका इथे आहे. हिरा सगळ्यात कडक म्हणतात ते ओरखड्याच्या बाबतीत खरं, पण ठराविक दिशेने दाब बसला तर त्याची कड उडते. गर्डल फार पातळ असेल तर जास्तच. सर्टिफिकेटवर गर्डलची ओळ असते, 'एक्स्ट्रीमली थिन' लिहिलेलं असेल तो हिरा घेऊच नकोस.

तुझ्या झोप उडवणाऱ्या प्रश्नाकडे येतो. गर्डलवर लेझरने रिपोर्ट नंबर कोरलेला असतो, सगळ्याच हिऱ्यांवर नसतो पण अर्ध्या कॅरेटच्या सर्टिफाइड हिऱ्यावर बहुतेक असतो, रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं असतं. दहापटीच्या आयग्लासमधून (भिंगातून) दिसतो, पहिल्यांदा शोधायला वेळ लागतो, घाबरू नकोस, हिरा चिमट्यात धरून हळूहळू फिरव. सोनाराकडे हिरा देताना दोघांनी मिळून तो नंबर वाचायचा. त्याच्या काट्यावर हिरा ठेवायचा, कॅरेटमध्ये वजन बघायचं. मग चिठ्ठी लिहून घ्यायची: वजन, मापं, रिपोर्ट नंबर, हिऱ्यावर काही तडा नाही, बसवताना काही झालं तर जबाबदारी कोणाची. आमच्या बाजारात जांगडवर माल देतात, म्हणजे विक्री नाही, नुसता ताबा, कोट्यवधींचा माल एका चिठ्ठीवर जातो आणि परत येतो. तू पण जांगडच करतोयस असं समज. नातं जुनं आहे म्हणून चिठ्ठी मागायला लाजू नकोस, चांगला कारागीर तर स्वतःहून लिहून देतो, उलट त्याचंच रक्षण होतं, नाहीतर आधीचा तडा पण त्याच्या माथी यायचा.

आणि जबाबदारीचा मुद्दा आधी तोंडी बोलून घे. बरेच कारागीर गिऱ्हाइकाचा हिरा बसवताना 'रिस्क तुमची' म्हणतात. त्यांच्या पण बाजूने बघ, मजुरी मिळते काही हजार, हिरा लाखाचा.

हे सगळ्यात महत्त्वाचं: सेटरला सांग, कोरलेला नंबर दोन प्राँगच्या मधे येईल असा हिरा फिरवून बसव. प्राँगखाली गेला की नंतर वाचता येत नाही. त्याला याचे वेगळे कष्ट नाहीत, फक्त आधी सांगायला हवं.

---

वरातीमागून

बापरे. एवढं कोणी दुकानात सांगितलं असतं तर तिथेच घेतली असती. मावशी, उशाशी ठेवणारच, आई पण तेच म्हणाली.

@लाख_आणि_चिमटा एक सांगायचं राहिलं. ती दिवसभर ग्लोव्ह्ज घालून काम करते. क्लिनिकमध्ये अंगठी काढून ठेवायची असं ती म्हणते खरं पण तिचं मलाच माहितीये, घड्याळ पण विसरते. उंच प्राँगने ग्लोव्ह फाटतो म्हणाली, तिच्या मैत्रिणीचा फाटतो. मग ती पूर्ण गोल पट्टीवाली असते तशी करावी का?

---

लाख_आणि_चिमटा

बेझल म्हणतोयस तू, बंद कोंदण. ग्लोव्हसाठी तीच बेस्ट, कुठे अडकत नाही, कड सगळीकडून झाकलेली म्हणजे आपटली तरी सुरक्षित. आमच्याकडे डॉक्टर, नर्स सगळ्या तीच मागतात.

---

बीकेसी_रिटर्न

मी विरोध नोंदवतो. पूर्ण बेझल केलं की गर्डल झाकलं आणि नंबर गेला, म्हणजे आत्ता तुम्हीच जी एवढी तपासणी सांगितलीत ती बसवल्यानंतर करताच येणार नाही. शिवाय पिवळी पट्टी चारही बाजूंनी हिऱ्यात उतरते, एच-आय कलरचा हिरा अजून पिवळट वाटतो.

---

लाख_आणि_चिमटा

दोन्ही मान्य. म्हणून मधला मार्ग, अर्धं बेझल. दोन बाजूंनी पट्टी, दोन बाजू उघड्या. नंबर उघड्या बाजूला आणायचा. हिरा जितका खाली बसवता येईल तितका खाली, टोक बोटाला टेकणार नाही एवढंच बघायचं. ग्लोव्हला त्रास नाही. कलरची काळजी असेल तर वरची पट्टी पांढऱ्या सोन्याची आणि खालची अंगठी पिवळ्या सोन्याची पण करतात, पण त्या पांढऱ्याला रोडियम पॉलिश (पांढऱ्या धातूचा मुलामा) असतं, ते रोजच्या वापराने उतरतं आणि परत करावं लागतं. मला विचारशील तर जी कलर घे आणि सगळंच पिवळं कर.

---

कर्वेनगरची_मी

सोन्याच्या बिलाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. गेल्या वर्षी आम्ही पुण्यातल्या एका नावाजलेल्या पेढीत स्वतःचा हिरा देऊन अंगठी करून घेतली. अंगठी सुंदर झाली, तक्रार नाही. बिल आलं तर पूर्ण अंगठीच्या वजनावर सोन्याचा भाव लावलेला, हिऱ्यासकट! म्हणजे आमचाच हिरा आम्हाला सोन्याच्या भावाने विकला. मी म्हटलं नेट वजन कुठंय तर काउंटरवरचा मुलगा म्हणे मॅडम त्यात काय मोठंसं. ०.७० चा हिरा होता, पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, तेव्हा रक्कम खूप नव्हती, ०.१४ ग्रॅम फक्त, पण घडणावळ पण त्याच वजनावर टक्क्यात लावलेली. आणि तत्त्व नावाची काही चीज असते की नाही. शेवटी मॅनेजर आले, बिल बदलून दिलं, चहा पण पाजला.

तर ग्रॉस (हिऱ्यासकट) आणि नेट (नुसत्या सोन्याचं) वजन वेगळं लिहून घ्या. हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये स्वतंत्र ओळीत, 'ग्राहकाचा हिरा' असा उल्लेख. हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी अंगठीवर असतो तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, मी दुकानातच उभी राहून बघते. तो फक्त सोन्याची शुद्धता सांगतो हां, हिऱ्याशी त्याचा संबंध नाही, आमच्या नणंदेला वाटत होतं हॉलमार्क आहे म्हणजे हिरा पण सरकारने तपासला.

आणि ते सुरतचे काका पक्कं बिल देणार आहेत का ते आधी विचारा. कच्च्या चिठ्ठीवर थोडा स्वस्त मिळतो, पण उद्या काही झालं तर दाखवणार काय.

---

वरातीमागून

सुरतच्या काकांशी बोललो. पक्कं बिल देतायत, आणि रॅपच्या किती खाली विचारल्यावर दोन सेकंद गप्प बसले आणि मग हसून आकडा सांगितला, 'कोणी शिकवलं' म्हणाले. दोन हिऱ्यांची सर्टिफिकेटं पाठवलीत, दोन्ही जीआयए, दोन्हीवर नंबर कोरलेला. पैसे जवळजवळ सारखेच.

पहिला ०.५०, जी, व्हीएस२, थ्री एक्स, फ्लोरोसन्स नन, मापं ५.०८ – ५.११ × ३.१६, डेप्थ ६२.०, गर्डल मीडियम. दुसरा ०.५२, एफ, व्हीएस१, कट गुड, फ्लोरोसन्स फेंट, मापं ५.०३ – ५.०६ × ३.२८, डेप्थ ६५.०, गर्डल थिक.

आई आणि बाबा दोघंही दुसरा म्हणतायत, वजन जास्त, कलर वरचा, क्लॅरिटी वरची, आणि भाव तोच. मला पण कागदावर तोच बरा वाटतोय.

---

बीकेसी_रिटर्न

पहिला. डोळे झाकून नाही, डोळे उघडे ठेवून पहिला.

मापं बघ ना. दुसरा वजनाने जास्त आहे पण रुंदीला कमी आहे. वर लिहिलं होतं ते पोट हेच, डेप्थ (रुंदीच्या किती टक्के खोली) ६५ आणि गर्डल जाड, वजन तिथे गेलंय जिथून दिसत नाही. कट गुड आहे म्हणून तर एफ व्हीएस१ असून तुला जी च्या भावात देतायत. काका फसवत नाहीयेत, बाजारात त्याचा भावच तेवढा आहे. बोटात घातल्यावर पहिला मोठा पण दिसेल आणि लखलखीत पण. आईबाबांना कागद दाखवू नकोस, काका आले की दोन्ही हिरे शेजारी शेजारी ठेवून खिडकीपाशी बोलव आणि कुठला कुठला ते सांगू नकोस.

व्हीएस२ मध्ये दोष कुठे आहे तेवढं आयग्लासमधून बघून घे. अर्ध्या कॅरेटला बहुतेक डोसिए, म्हणजे जीआयएचा छोटा रिपोर्ट, येतो, त्यात दोषांचा नकाशा नसतो, फक्त नावं असतात. कडेला असेल तर उत्तम, मधोमध टेबलखाली (वरच्या सपाट पैलूखाली) काळा ठिपका असेल तर दुसरा मागव.

---

लाख_आणि_चिमटा

+१, पहिला. गर्डल मीडियम आहे, बसवायला पण बरा. कडेचा दोष असेल तर तो पट्टीखाली जाईल असा बसवता येतो, मात्र तो दोष तडा असेल आणि थेट कडेपर्यंत आलेला असेल तर तिथे दाब द्यायचा नाही हे सेटरला आधी सांगा. पेनाने कागदावर गोल काढून नंबर कुठे आणि दोष कुठे ते मार्क करून दिलंत तर आमच्यासारख्यांना फार बरं पडतं, कोणी देत नाही तसं.

---

वरातीमागून

काका आले, दोन्ही हिरे बघून झाले. आईने न सांगता पहिलाच उचलला, बाबा अजून ०.५२ वर अडून आहेत पण त्यांचं मत आता नोंदवून घेतलंय फक्त. दोष कडेला आहे, पांढरा, तडा नाही. चार दिवस उशाशी आहे, भांडण एकच झालं ते हॉलच्या डेकोरेशनवरून, ते धरायचं का मावशी?

सातारच्या काकांना फोन केला, ते म्हणाले मी बसवत नाही, मुंबईला पाठवतो, त्यापेक्षा तू अंगठी तिकडेच कर आणि तिच्या वाटी-मंगळसूत्राचं काम मला दे. वाईट वाटलं नाही त्यांना, उलट सुटल्यासारखे बोलले.

शेवटचं एक. बोटाचं माप पुण्यातल्या एका दुकानात १२ निघालं आणि दुसऱ्या दुकानात १३. कुठलं धरू?

---

लाख_आणि_चिमटा

दोन्ही दुकानांच्या रिंगा सारख्या नसतात, झिजलेल्या पण असतात. आणि सकाळी थंडीत गेली असेल तर बोट बारीकच निघणार. दुपारनंतर, जेवून झाल्यावर, हात गार नसताना परत माप घे, आणि हिवाळा आहे तेव्हा दोन्हींच्या मधलं निघालं तर मोठं धर. सांध्यावरून जाताना थोडी अडकली पाहिजे आणि खाली गेल्यावर फिरायला नको. आकडा पाठवू नकोस, जी रिंग बसली तिचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून पाठव, कॅडला तोच लागतो. अर्ध्या बेझलची अंगठी नंतर एखादा साइझ लहानमोठी करता येते, पण करताना गरम करावी लागते, हिरा बसल्यावर ते जितकं टळेल तितकं बरं.

---

सुमनमावशी

डेकोरेशनचं भांडण धरत नाहीत रे. ते हिऱ्याशिवाय पण होतं.